ठेंगण्या स्वाराची स्कूटर



स्कूटर विकत घ्यावयाची असें घरांत ठरलें म्हणजे चार प्रश्न हमखास विचारले जातात. किंमत काय पडेल, एका लिटरमध्यें किती किलोमीटर जाईल, हप्ता किती बसेल, आणि रंग कोणता घ्यावा. पांचवा प्रश्न, कीं ती चालविणाराचे पाय जमिनीला कितपत टेंकतील, हा बहुधा गाडी दारांत येऊन तिला हार घातल्यावर सुचतो. आणि तेव्हां तो विचारून फारसा उपयोग नसतो. आज मला जें सांगावयाचें आहे तें या पांचव्या प्रश्नाविषयीं. विषय लहान दिसतो खरा. परंतु ज्यांची उंची पांच फूट किंवा त्याहून कमी आहे अशा असंख्य स्त्रियांचें, आणि पुष्कळ पुरुषांचेंही, रोजचें जाणें-येणें या लहानशा विषयावर अवलंबून असतें. भारतांतील प्रौढ स्त्रीची सरासरी उंची सुमारें १५२ सेंटिमीटर, म्हणजे पांच फुटांच्या आगेमागेच आहे, असें आपल्या सरकारी आरोग्य-पाहण्यांवरून दिसतें. तेव्हां ज्यांना आपण सहज ‘ठेंगण्या’ म्हणून टाकतों, त्यांची संख्या कांहीं थोडीथोडकी नव्हे.

स्कूटर या वाहनाचा जन्मच मुळीं चढण्या-उतरण्याच्या सोयीकरितां झाला. इटलींतील पियाज्जिओ कंपनीनें १९४६ सालीं व्हेस्पा बाजारांत आणली. तिची रचना करणारा कोर्रादिनो दास्कानियो हा मूळचा विमानविद्येंतला अभियंता. मोटारसायकल त्याला मनापासून आवडत नसे. तिच्यावर टांग टाकून चढावें लागतें, कपडे तेलकट होतात, चाक पंक्चर झालें तर काढतांना नाकीं नऊ येतात, अशी त्याची तक्रार. म्हणून त्यानें यंत्र मागच्या चाकापाशीं नेऊन झांकलें, पुढचें चाक विमानाच्या चाकासारखें एकाच बाजूनें धरलें, आणि मध्यें पाय ठेवावयास मोकळी जागा सोडली. ही मोकळी जागा म्हणजेच स्कूटर. लुगडें नेसलेल्या बाईला एखादें यांत्रिक वाहन स्वतः चालवितां येईल अशी शक्यता या मोकळ्या जागेनें निर्माण केली.

आपल्याकडे मात्र तें प्रत्यक्षांत यावयास पुष्कळ काळ जावा लागला. १९७२ सालीं आलेली बजाज कंपनीची चेतक पुण्याच्या घराघरांत पोंचली, तिच्यासाठीं लोक वर्षानुवर्षें नंबर लावून बसत. परंतु डाव्या मुठींत गिअर, उजव्या अंगाला यंत्राचें वजन, आणि सुरू करावयास किक, असा तिचा थाट. ती बहुतेक घरांत पुरुषांची गाडी म्हणूनच राहिली. त्याच साली कायनेटिक कंपनीची लूना निघाली. ती हलकी, पायडल असलेली, कोणालाही झेपेल अशी होती, आणि पुण्यांतील कित्येक शिक्षिका व परिचारिका तिच्यावरून कामाला गेल्या. पुढें १९८४ मध्यें कायनेटिक होंडा आली, आणि गिअर व किक या दोन्ही कटकटी एकदमच गेल्या. बटन दाबावें व निघावें. नंतरच्या दशकांत टीव्हीएसच्या स्कूटीनें तर महाविद्यालयांतील मुलींना डोळ्यांपुढें ठेवूनच बाजार मांडला. आज स्कूटर चालविणें सोपें झालें आहे यांत शंका नाहीं.

परंतु सोपी गाडी आणि आपल्या मापाची गाडी या दोन गोष्टी निरनिराळ्या आहेत. माझी एक पुतणी आहे. तिची उंची चार फूट दहा इंच. ती घरापासून तीन-साडेतीन किलोमीटरांवरच्या एका शाळेंत शिकविते. त्यांच्या घरीं स्कूटर आली ती १२५ घन-सेंटिमीटरची, ऐसपैस बैठकीची आणि रुंद अंगाची. जांवईबापूंची उंची पांच फूट दहा इंच. ते तिच्यावर बसले, त्यांना ती आवडली, आणि हिनें ‘चालेल’ म्हटलें. दुकानदारानेंही तिला बसून पाहण्याचा आग्रह केला नाहीं. गाडी चालवावयास ती आठ दिवसांत शिकली. पावसाळ्यांत एके दिवशीं चौकांत तांबडा दिवा लागला म्हणून ती थांबली. डावा पाय टेंकावयास गेली तों नेमका तेथें खळगा. बोटें अधांतरींच राहिलीं, गाडी कलली, आणि कलतां कलतां जें वजन हातावर आलें तें तिला पेलवेना. मागें सहा वर्षांचा मुलगा बसलेला होता. सुदैवानें त्याच्या कोपराला खरचटण्यापलीकडे कांहीं झालें नाहीं. पण त्या दिवशीं गाडीची किल्ली जी खिळ्याला लागली ती आठ महिने तेथेंच होती. ती रिक्षानें जाऊं लागली. संध्याकाळीं सतार शिकावयास जात असे, तें रिक्षाच्या खर्चानें व खोळंब्यानें सुटलें. घरांतल्या मंडळींनीं तिला भित्री ठरविलें. मीं एकदां सहज विचारलें, तेव्हां ती म्हणाली, “काका, गाडी चालत असतांना मला मुळींच भीति वाटत नाहीं. ती थांबायला लागली कीं वाटते.”

माझ्या मतें सगळी गोम येथें आहे. चालती दुचाकी आपला तोल बहुतांशीं आपणच सांभाळते. वेगांत असलेल्या गाडीवर सहा फुटांचा मनुष्य बसला काय आणि पावणेपांच फुटांचा बसला काय, गाडीला त्याची खबरही नसते. उंचीचा प्रश्न उत्पन्न होतो तो थांबतांना, थांबलेली असतांना, आणि दाटीतून मागें ओढतांना. आणि दुकानांत गाडी पसंत करावयाची रीत पाहावी तर अगदीं उलट! मोकळ्या रस्त्यावर एक फेरी मारून आलें, वारा तोंडाला लागला, कीं ‘छान आहे’ म्हणून पैसे मोजले जातात. ठेंगण्या माणसानें गाडीची परीक्षा उभ्या गाडीवर करावी, चालत्या गाडीवर केली नाहीं तरी एक वेळ चालेल.

त्यासाठीं प्रथम आपलें स्वतःचें माप घ्यावें. हें काम घरीं पांच मिनिटांत होतें. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभें राहावें, पाउलांत वीतभर अंतर ठेवावें, जाड पुठ्ठ्याचें एखादें पुस्तक मांड्यांमध्यें धरून बैठकीवर बसल्याइतका दाब येईपर्यंत वर सरकवावें, आणि दुसऱ्याकडून त्याच्या वरच्या कडेशीं भिंतीवर पेन्सिलीची खूण करून घ्यावी. जमिनीपासून त्या खुणेपर्यंतचें अंतर हें आपल्या पायांचें खरें माप. पांच फूट उंचीच्या माणसाचें हें माप साधारणतः ६८ ते ७० सेंटिमीटर भरतें; पण सारख्याच उंचीच्या दोन बहिणींत दोन-तीन सेंटिमीटरांचा फरक सहज पडतो, कारण कोणाचें धड लांब असतें तर कोणाचे पाय. म्हणून ‘माझ्याच उंचीची माझी मैत्रीण हीच गाडी चालविते’ हा पुरावा ग्राह्य धरूं नये.

आतां गाड्यांकडे पाहूं. आपल्या बाजारांतील बहुतेक स्कूटरांची बैठक जमिनीपासून ७६ ते ७८ सेंटिमीटर उंच असते. म्हणजे ७० सेंटिमीटरांच्या पायांना ही बैठक सहा ते आठ सेंटिमीटरांनीं उंचच झाली! मग लोक गाडी चालवितात तरी कशी? तर चपलेचा तळ दोनेक सेंटिमीटरांची भर घालतो, आपण बसल्यावर स्प्रिंगा थोड्या दबतात व बैठकीचा फोमही दबतो, आणि उरलेलें अंतर टांच उचलून चवड्यानें भरून काढलें जातें. चवडा टेंकत असेल तर काम भागतें. नुसत्या बोटांचीं अग्रें टेंकत असतील तर कोरड्या, सपाट रस्त्यावर भागतें, आणि आपले रस्ते वर्षांतून किती दिवस तसे असतात हें मीं सांगावयास नको.

येथें एक गोष्ट अशी आहे कीं जी छापील माहितीपत्रकांत सांपडत नाहीं. पत्रकांत बैठकीची उंची दिलेली असते. रुंदी देत नाहींत. आणि ठेंगण्या स्वाराच्या दृष्टीनें रुंदी ही उंचीइतकीच, कधीं कधीं उंचीहूनही अधिक महत्त्वाची असते. शाळेंत पायथागोरसचा सिद्धांत शिकवितांना ‘सर, याचा पुढें उपयोग काय?’ असें विचारणारा एखादा विद्यार्थी दर वर्गांत असतोच. त्याला देण्याजोगें हें उदाहरण आहे. पाय म्हणजे कर्ण समजा. तो ७० सेंटिमीटर लांब आहे. बैठक व पाय ठेवण्याची पाटी अरुंद असून पाऊल मध्यापासून १५ सेंटिमीटर बाजूला पडत असेल, तर सरळ खालीं पोंचण्याची त्याची मजल ६८ सेंटिमीटरांहून थोडी जास्त भरते. म्हणजे दीड सेंटिमीटरांचाच तोटा. पण गाडी रुंद असून पाऊल २५ सेंटिमीटर बाजूला फेंकलें जात असेल, तर हीच मजल ६५ सेंटिमीटरांवर येते. तोटा साडेचार सेंटिमीटरांहून अधिक! या दोहोंतला फरक तीन सेंटिमीटरांचा आहे. आणि दुकानांत शेजारीं शेजारीं उभ्या असलेल्या सर्वांत उंच व सर्वांत ठेंगण्या गाडीच्या बैठकींतही बहुधा याहून जास्त फरक नसतो. म्हणून दुकानांत गेल्यावर बैठकीच्या पुढच्या टोंकाकडे वरून पाहावें. तें निमुळतें आहे कीं चौकोनी पाटासारखें आहे? पाटीच्या ज्या कडेवरून पाय खालीं उतरतो ती कडा बाहेर किती आली आहे? मांडीच्या आंतल्या बाजूला फोमची कड टोंचते काय? विक्रेता तोंडानें काहींही सांगो, मांडी खरें तेंच सांगेल.

कोणती गाडी घ्यावी असें मला पुष्कळ जण विचारतात. नांवें घेण्यास माझी हरकत नाहीं, परंतु आंकडे मॉडेलागणिक बदलतात, तेव्हां खरेदीच्या दिवशींचें पत्रक पाहावेंच. टीव्हीएसच्या स्कूटी झेस्टची बैठक ७६ सेंटिमीटर, वजन १०३ किलो, आणि तिचा बांधाही सडपातळ. पांच फुटांच्या आंतल्या माणसानें पहिल्यानें तिच्यावर बसून पाहावें. यामाहाची फॅसिनो १२५ ही ९९ किलोची, म्हणजे वजनाला हलकी, पण तिची बैठक ७८ सेंटिमीटरांवर आहे. ॲक्टिव्हा आणि ज्युपिटर या ११० घन-सेंटिमीटरच्या लोकप्रिय जोडीची बैठक साडेशहात्तर सेंटिमीटरांच्या आसपास, वजन १०५ किलोंच्या आगेमागें, आणि अंग झेस्टहून भरदार. सुझुकीची ॲक्सेस १२५ ही यंत्रानें जोमदार, परंतु बैठक ७७ सेंटिमीटरांच्या वर. जुन्या बाजारांत स्कूटी पेप प्लस पुष्कळ मिळते. ती शंभर किलोंच्या आंतली व अरुंद अंगाची असल्यामुळें ठेंगण्या स्वारांचा तिच्यावर फार जीव असतो. तिचें यंत्र लहान, तेव्हां दोघांना घेऊन चढ चढतांना ती धापा टाकते. पण एकटीनें शाळेंत किंवा बँकेंत जावयास तिनें कधीं कोणाचें अडविलें नाहीं.

चाकांकडेही एक दृष्टि टाकावी. दहा इंची चाकांची गाडी साहजिकच ठेंगणी करतां येते. बारा इंची चाक खड्ड्यांतून सुखानें निघतें. पुढचें बारा इंची व मागचें दहा इंची अशी तडजोड कित्येक कंपन्यांनीं केली आहे. रोजचा रस्ता खड्ड्यांचा असेल तर अर्ध्या सेंटिमीटराच्या मोहानें लहान चाक पत्करूं नये, असें मला वाटतें; पण याविषयीं मतभेद आहेत आणि ते असूं द्यावेत.

वजनाचें प्रकरण जरा सविस्तर सांगितलें पाहिजे. शंभर-सव्वाशें किलोंची गाडी सरळ उभी असतांना एका हातानें तोलून धरतां येते, कारण सर्व वजन चाकांवरून जमिनींत जात असतें. ती कलूं लागली कीं प्रत्येक अंशागणिक थोडें थोडें वजन आपल्या हातावर येऊं लागतें, आणि एका मर्यादेपलीकडे तें एकदम आवरेनासें होतें. उंच मनुष्याचा पाय दूरवर आधीं टेंकलेला असल्यामुळें तो या मर्यादेपर्यंत जातच नाहीं. ठेंगणा मनुष्य टेंका मिळेपर्यंत गाडी कलूं देतो, आणि टेंका मिळतो तेव्हां भार वाढून बसलेला असतो. म्हणून त्याला पांच किलोंचा फरकही जाणवतो. बैठकीखालच्या पेटींत आपण छत्री, रेनकोट, भाजी आणि गेल्या महिन्याची रद्दी ठेवतों, तीहि याच हिशोबांत धरावी.

मधला स्टँड, ज्याला सर्वजण डबल स्टँड म्हणतात, तो लावतां येत नाहीं म्हणून कित्येक स्त्रिया गाडी घेण्याचें टाळतात. हें काम हाताच्या जोराचें नव्हेच. डाव्या हातानें हँडल सरळ धरावें, उजव्या हातानें मागच्या स्वाराची धरावयाची दांडी पकडावी, उजव्या पायानें स्टँडचीं दोन्ही टोंकें जमिनीला लागेपर्यंत तो खालीं न्यावा, आणि मग त्या पायावर आपलें संपूर्ण वजन देऊन सरळ उभें राहावें. स्टँड हा तरफेचा प्रकार आहे. पंचेचाळीस किलोंची बाई त्यावर उभी राहिली म्हणजे शंभर किलोंची गाडी आपोआप मागें सरकून वर चढते. हात नुसते दिशा दाखवावयास. हें एकदां साधलें म्हणजे घरांतल्या मुलाला हांक मारावी लागत नाहीं.

आतां दुकानांत काय करावें? जी व्यक्ति गाडी रोज चालविणार तिनेंच जावें, आणि रोज ज्या चपला घालते त्याच घालून जावें. साडी नेसून चालवावयाची असेल तर साडीच नेसून जावें. गाडीवर बसून हँडल सरळ करावें व साइड स्टँड बसल्या जागेवरून पायानें काढतां-घालतां येतो का तें पाहावें. मग हँडल एका बाजूस पुरें वळवावें. आखूड हाताच्या माणसाचा बाहेरचा हात अशा वेळीं मुठीवरून सुटतो, आणि अरुंद बोळांत वळतांना हीच स्थिति येते. ब्रेकच्या दांड्यांपर्यंत बोटांचें मधलें पेर पोंचलें पाहिजे. नुसत्या शेंड्यांनीं ब्रेक दाबला जात नाहीं. १२५ घन-सेंटिमीटरपर्यंतच्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून दोन्ही चाकांचे ब्रेक जोडणारी व्यवस्था सक्तीची झाली आहे. तिच्यामुळें डाव्या दांडीनें मागच्याबरोबर पुढचाही ब्रेक कांहीं अंशीं लागतो, आणि नवशिक्याला याचा मोठा फायदा होतो. शेवटीं विक्रेत्याला सांगून गाडी रांगेंत, दोन गाड्यांच्या मध्यें लावून घ्यावी, आणि बसल्या बसल्या पायांनीं रेटीत मागें काढून पाहावी. तुळशीबागेबाहेर सणाच्या दिवशीं गाडी कशी काढावी लागते हें ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या परीक्षेचें महत्त्व सांगण्याची गरज नाहीं. नंतर सोबतच्या माणसाला मागें बसावयास सांगावें. तो बसतांना गाडीला जो हिसका बसतो तो आपल्या चवड्यांनीं पेलला पाहिजे. विक्रेता कंटाळला तर कंटाळूं द्यावा.

विजेवर चालणाऱ्या स्कूटरांविषयीं दोन शब्द. यांतल्या चांगल्या गाड्यांची बॅटरी पाटीखालीं, अगदीं सखल बसविलेली असते. त्यामुळें वजन अधिक असलें तरी तें खालच्या अंगाला राहतें व गाडी उभी असतांना शांत वाटते. पण वजन अधिक असतें हें खरेंच. एथर ४५० एक्स ही १११ किलोंच्या पुढें आणि बैठक ७८ सेंटिमीटर. बजाजनें २०२० सालीं चेतक हेंच नांव देऊन आणलेली विजेची गाडी पत्र्याच्या अंगाची असल्यामुळें त्याहूनही वजनदार आहे. मात्र यांपैकीं कित्येक गाड्यांना मागें जाण्याची सोय असते. बटन दाबलें कीं गाडी मुंगीच्या पावलानें आपण होऊन मागें सरकते. ठेंगण्या स्वाराला चवड्यांनीं गाडी मागें रेटणें हेंच सर्वांत अवघड जात असल्यामुळें, ही सोय ज्यानें काढली त्यानें नकळत त्याच्यावर मोठेच उपकार केले आहेत. मुलगी सोळा वर्षांची झाली, आतां तिला स्कूटर द्यावी, असें म्हणणाऱ्या पालकांसाठीं येथेंच एक सांगून ठेवतों. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें सोळाव्या वर्षीं जो परवाना मिळतो तो ५० घन-सेंटिमीटरपर्यंतच्या, गिअर नसलेल्या गाडीचा. वर ज्यांचीं नांवें घेतलीं त्यांपैकीं एकही गाडी त्यांत बसत नाहीं. अठरा वर्षें पुरीं होऊं द्यावींत. शिरस्त्राणाविषयीं मी कांहीं बोलत नाहीं. पुण्यांत तो विषय काढला कीं ठरलेल्या वेळेंत भाषण पुरें होत नाहीं. कायदा तें घाला म्हणतो, आणि मी घालतों.

गाडी आधींच घरांत असेल, आणि ती उंच होत असेल, तर उपाय आहे. सीट-कव्हर शिवणाऱ्या कारागिराकडे जावें. हे लोक बहुधा विचारतात, ‘फोम किती काढूं?’ वरचा फोम काढला तर बैठक दोन-तीन सेंटिमीटर खालीं येते हें खरें, पण खालच्या कठीण बुडावर माकडहाड आपटूं लागतें. त्यापेक्षां बैठकीच्या पुढच्या दोन्ही कडा तासून तें टोंक निमुळतें करून घ्यावें. पायथागोरस आपल्या बाजूचा असल्यामुळें कमी फोम काढून जास्त फायदा पदरांत पडतो. वर गुळगुळीत रेक्झिन घालूं नये, ब्रेक दाबतांना घसरावयास होतें. स्प्रिंगा बदलून किंवा कापून गाडी खालीं आणण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानूं नये. तसें केल्यानें आपल्याकडच्या गतिरोधकांवर गाडीचें पोट घासतें. शिवाय साइड स्टँड मापानें लांब ठरून गाडी जितकी कलावयास पाहिजे तितकी कलत नाहीं, आणि जराशा धक्क्यानें विरुद्ध बाजूला आडवी होते. चपलेच्या बाबतींत म्हणाल तर जाड, सपाट, रबरी तळाची चप्पल हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. उंच टांचेची चप्पल उपयोगी नाहीं, कारण टेंकावयाचा असतो चवडा. कोल्हापुरी वहाण मला स्वतःला प्रिय आहे, पण ओल्या डांबरावर तिचा चामड्याचा तळ साबणासारखा घसरतो.

माझ्या पुतणीच्या गाडीची बैठक अशीच दोन्ही कडांनीं तासून पाहिली. फरक पडला, पण तिच्या पायांना तेवढ्यानें पुरलें नाहीं. अखेरीस ती गाडी जांवईबापूंकडे ठेवून तिच्यासाठीं दुसऱ्या हाताची, हलकी, अरुंद अशी एक स्कूटर घेतली. घेण्यापूर्वीं तिनें भिंतीवर खूण केली, दुकानांत पाऊण तास घालविला, आणि तीन गाड्या नाकारल्या. सतारीचा वर्ग पुन्हां सुरू झाला आहे.

आतां उरली ती रस्त्यावर थांबण्याची रीत. दोन्ही पायांचीं बोटें टेंकवून तरंगत उभें राहण्यापेक्षां एकच पाऊल पुरें टेंकविणें अधिक भक्कम. स्कूटरचे दोन्ही ब्रेक हातांत असल्यामुळें पाय मोकळेच असतात. गाडी थांबावयास आली कीं बैठकीवर किंचित् एका बाजूस सरकावें. सरकलेल्या बाजूचा पाय चार-पांच सेंटिमीटर अधिक खालीं पोंचतो. कोणती बाजू? आपले रस्ते मध्यें उंच व कडांना उतरते बांधलेले असतात, म्हणजे पाणी वाहून जावें. आणि आपण चालतों डाव्या अंगानें. त्यामुळें डाव्या पायाखालची जमीन उजव्याहून सखल असते, आणि सवयीनें डावा पाय टाकणारा ठेंगणा स्वार नेमका खोल बाजूला पाय टाकतो. अगदीं डाव्या कडेला, फुटपाथला लगटून थांबतां आलें तर डावा पाय फुटपाथच्या कडेवर ठेवावा. गुडघा वांकवून आरामांत उभें राहतां येतें. तें जमत नसेल तर मागून-बाजूनें येणारें वाहन पाहून उजवा पाय टेंकावा. आणि तांबडा दिवा दुरून दिसतांच, पुढच्या गाडीच्या पाठीऐवजीं, आपलें पाऊल जेथें पडणार त्या जागेकडे एक नजर टाकावी. तेथें खळगा, वाळू किंवा गटाराचें झांकण असेल तर हातभर अलीकडे थांबावें. ही संवय रविवारीं सकाळीं रिकाम्या रस्त्यावर अर्धा तास, दहा-वीस वेळां थांबून व निघून करतां येते. मागें कोणाला बसवूं नये, आणि शिकवावयास बरोबर आलेल्या मंडळींनीं फुटपाथवरूनच पाहावें.